दोन सह्यांचा तालुका

ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायचे तर चेकवर दोन सह्या लागतात. एक सरपंचाची, दुसरी ग्रामसेवकाची. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि वित्त आयोगाचा निधी खर्च करताना शाईच्या जागी डिजिटल सही चालते. नियम मात्र जुनाच आहे. पहिली सही गावाने निवडून दिलेल्या माणसाची, दुसरी सरकारी नेमणुकीवर आलेल्या माणसाची. एकट्याच्या सहीवर गटारही बांधता येत नाही.

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. पण शहराची हद्द ओलांडली की कशेळी, काल्हेर, मानकोली, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा लागतात आणि पडघा, अनगाव, वज्रेश्वरीकडे वळले की भातखाचरे. गोदामांचा आणि भाताचा हा सगळा तालुका याच दोन सह्यांच्या रीतीने चालतो. गावात, तालुक्याला, जिल्ह्याला, प्रत्येक पायरीवर एक निवडलेला आणि एक नेमलेला. कोण कुठून येतो हे ठाऊक असेल, तर आपले काम नेमके कोणाच्या दारात अडले आहे हे कळते.

गावापासून सुरुवात करू. सरपंच निवडण्याची पद्धत महाराष्ट्राने थोड्या वर्षांत तीनदा बदलली. आधी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट मतदारांनी निवडायचे ठरले. २०२० मध्ये ते अधिकार पुन्हा सदस्यांकडे गेले आणि २०२२ मध्ये थेट निवडणूक परत आली. उपसरपंच मात्र आजही सदस्यच निवडतात. निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली तेव्हा महिलांचा वाटा एक तृतीयांश होता. महाराष्ट्राने २०११ मध्ये तो निम्म्यावर नेला. सोडतीची एक चिठ्ठी गावातली सगळी गणिते बदलते आणि ज्या घरातली बाई कधी कार्यालयाची पायरी चढली नव्हती, ती खुर्चीवर बसते.

भिवंडी तालुक्यातली ७२ गावे १९८५ च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींत सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव असते, ते इतर प्रवर्गांकडे फिरत नाही. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या दृष्टीने कायद्यातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे.

गावाच्या वर पंचायत समिती. तालुक्याचे गट पडतात आणि प्रत्येक गटाचे दोन गण. ठाणे जिल्हा परिषदेच्या डिसेंबर २०१७ च्या निवडणुकीत जिल्ह्यात ५३ गट होते. त्यांतले २१ एकट्या भिवंडीत, म्हणजे पंचायत समितीचे ४२ गण. मतदार एकाच दिवशी दोन मते देतो, एक गटासाठी आणि एक गणासाठी. पुढचे त्याच्या हातात नसते. गणातले सदस्य सभापती निवडतात, गटातले सदस्य जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. दोन्ही पदांची मुदत अडीच वर्षे आणि दोन्ही पदांना आरक्षण. अध्यक्षाच्या निवडीच्या सभेचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी घेतो, आणि निवड झाली की तो बाजूला होतो.

त्याचे बाजूला होणे ठरवून केलेले आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकारी परिषदेच्या बाहेर ठेवला गेला आणि परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. म्हणून जिल्ह्यात अध्यक्षासमोर मुख्य कार्यकारी अधिकारी असतो आणि तालुक्यात सभापतींसमोर गटविकास अधिकारी. हे दोघे स्पर्धा परीक्षेतून किंवा बढतीने येतात, बदलीने जातात. ठराव निवडलेल्यांचा, अंमलबजावणी नेमलेल्यांची. याच शिडीवर ग्रामपंचायतीपासून चढलेले दिवे अंजूरचे कपिल पाटील पुढे भिवंडीचे खासदार झाले आणि २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात पंचायतराज राज्यमंत्री होते.

काही दारे मात्र पूर्ण नेमणुकीची. तहसीलदार, प्रांत, तलाठी आणि पोलीस ठाण्याचा निरीक्षक यांना कोणी मत देत नाही. अमेरिकेत बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुखच लोक निवडतात, अनेक ठिकाणी खजिनदारही. आपल्याकडे पोलीस पाटलाचे पद एके काळी वंशपरंपरेने चाले. आता १९६७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकारी परीक्षा घेऊन नेमणूक करतात. वाड्यातले पाटीलपण परीक्षेच्या टेबलावर आले, ही बिनमताची असली तरी मोठीच लोकशाही. गोदामांच्या पट्ट्यात आणखी एक दार आहे. भिवंडीभोवतालच्या अनेक गावांत बांधकाम परवानगी देणारे नियोजन प्राधिकरण म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए). तिथे सरपंचाची सही पुरत नाही.

शहराचीही रीत हीच. ९० नगरसेवक महापौर निवडतात, आयुक्त राज्य सरकार पाठवते. २०१७ मध्ये भिवंडीकरांनी काँग्रेसचे ४७ नगरसेवक निवडून दिले होते. डिसेंबर २०१९ मध्ये ४ नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या, कारण काँग्रेसच्याच १८ नगरसेवकांनी त्यांना मत दिले. मतदाराचे मत आणि खुर्ची यांच्यामध्ये सभागृहाची एक पायरी असते. तिथे काय घडते, यावर मतदाराची नजर हवी.

आणि दोन सह्यांपैकी एक नाहीशीच झाली तर? भिवंडीने तेही पाहिले. महापालिकेची मुदत जून २०२२ मध्ये संपली, जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची जानेवारी २०२३ मध्ये. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणुका पुढे पुढे गेल्या. खुर्चीवर प्रशासक बसला. ठराव तोच करी, अंमलबजावणीही तोच. रस्ते, शाळा, दवाखाने बंद पडले नाहीत. पण आपल्या गणाचे गाऱ्हाणे सभेत उभे राहून मांडणारा माणूस उरला नाही. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. मुदतीनंतर प्रशासक नेमणे ही तात्पुरती सोय आहे. ती वर्षानुवर्षे चालली तर दर पाच वर्षांनी निवडणूक घेण्याचा राज्यघटनेचा नियम कागदावरच उरतो. चांगला अधिकारी हा चांगल्या प्रतिनिधीला पर्याय नाही. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे म्हणून तर दोन सह्यांची ही रचना केली.

या दोघांवर लक्ष ठेवणारी तिसरी जागा कायद्यानेच दिली आहे, ती म्हणजे ग्रामसभा. तिथे बसायला कोणाला निवडून यावे लागत नाही आणि कोणाची नेमणूकही लागत नाही, मतदार यादीत नाव असले की पुरते. वर्षातून किमान चार सभा व्हायलाच हव्यात, आणि प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती या दिवशी त्या भरवण्याची रूढी आहे. पुढच्या सभेला जा, जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि दोन्ही सह्या कशाकशावर झाल्या ते विचारा.