रँडचा हुकूम आणि ससाणे मळ्यातला दवाखाना

१८९७च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा मुंबई सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला प्लेग समितीचा प्रमुख नेमलं. त्याच फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला होता, त्यामुळे घरात शिरायला, माणसं उचलून न्यायला, सामान जाळायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. रँडच्या हाताखाली गोरे सोजीर होते आणि निर्णय घ्यायला तो कचरत नव्हता. ‘देशाला एकदा खमक्या माणूस मिळू द्या, सगळं सुतासारखं सरळ होईल,’ असं आपण चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत ऐकतो. तसा खमक्या माणूस पुण्याला त्या साली मिळाला होता. मार्चच्या मध्याला घरझडत्या सुरू झाल्या. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, मढी गुपचूप हलवली, पेठा सोडून पळ काढला. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि ३ जुलैला तो मेला. प्लेग मात्र गेला नाही. त्याच वर्षी तो पुण्यावर पुन्हा उलटला.

याच साथीत शहरापासून दोन-तीन कोसांवर, हडपसरच्या ससाणे मळ्यात एक दवाखाना चालू होता. तो चालवत होते डॉ. यशवंत फुले आणि त्यांच्या आई सावित्रीबाई. यशवंतराव फौजेत डॉक्टर होते. साथ आल्यावर आईच्या सांगण्यावरून ते इकडे आले. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून या दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. यशवंतरावांची गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा. त्या काळी अशा मुलाचा जन्मतःच गळा घोटला जाई. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं, शिकवलं, डॉक्टर केलं, आणि साथीच्या वेळी गोरगरिबांची नाडी बघायला तोच ससाणे मळ्यात उभा होता. या दवाखान्यात रोगी आणण्यासाठी बंदुकीची गरज पडली नाही, कारण आणणाऱ्या माणसावर लोकांचा भरवसा होता आणि बरं करणाऱ्याला ते काम येत होतं.

दोन्हींची तुलना सरळसोट नाही, हे मान्य. रँडला लाखभर वस्तीचं शहर सांभाळायचं होतं, ससाणे मळा एवढासा. शिवाय रँड परक्या सरकारचा माणूस, त्याच्यावरचा लोकांचा राग वेगळ्याच कारणांनी साचलेला होता. तरीही राष्ट्र कशाच्या पायावर उभं राहतं, शिक्षणाच्या की कणखर नेतृत्वाच्या, या जुन्या वादात हा दाखला टाळून पुढे जाता येत नाही. हुकूम सोडणं हा कारभाराचा सगळ्यात सोपा भाग आहे. तो समजून घेणारे, अमलात आणू शकणारे आणि चुकीचा असेल तर तसं तोंडावर सांगणारे लोक समाजात किती आहेत, यावर त्या हुकुमाचं पुढे काय होतं ते ठरतं. असे लोक तयार करायला एक पिढी जाते, आणि ते काम शाळेशिवाय होत नाही. म्हणून पाया शिक्षणाचा, असं माझं म्हणणं आहे.

हे ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट दिसलं, त्याचाही हडपसर परिसराशी संबंध होता. शेजारच्या मांजरीला जोतीराव फुल्यांची शेती होती. खडकवासल्याचं धरण १८७९ साली पुरं झालं आणि मुठेचा उजवा कालवा हडपसरवरून पुढे गेला. धरण बांधणं हे जबर सत्तेचं काम. इंग्रजांनी ते केलं. पण कालवा दारात आल्याने शेतकरी आपोआप बागायतदार होत नाही. पाण्याची पाळी, पाणीपट्टी, नवं पीक, खत, अंमलदाराने काढलेला हिशेब, यातलं काही कळत नसेल तर तेच पाणी कर्ज वाढवायला कारण होतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात फुल्यांनी पाणी खात्यातल्या अंमलदारांना धारेवर धरलं आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या अशी मागणी केली, ती या अनुभवातून. त्याआधी, ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या धोरणाचं मर्मच पकडलं होतं. वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असा सरकारचा होरा होता. महसूल कुणब्याच्या घामाचा आणि खर्च मात्र उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर, हा उलटा व्यवहार बंद करून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. बालबोध आणि मोडी वाचणं-लिहिणं, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती, असा अभ्यासक्रमही सुचवला. शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा, इथपर्यंत ते तपशिलात गेले. कुणी तारणहार येईल या भरवशावर हा माणूस बसला नव्हता. शिक्षकाचा पगार किती असावा, एवढ्या बारीक हिशेबातून त्याची राष्ट्राची कल्पना सुरू होत होती.

सावित्रीबाई गेल्या त्याच हिवाळ्यात मुंबईत वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता. जानेवारी १८९७मध्ये त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांत त्याची प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळालं. पुढे पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टडफार्ममधले घोडे रक्तद्रव काढण्यासाठी या संस्थेकडे जात. ते औषध आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६मध्ये सायरस पूनावालांनी हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली, आणि सुरुवातीची जाणकार माणसं मिळाली ती हाफकिनमधूनच. जानेवारी २०२१मध्ये कोविशिल्डच्या पेट्या इथूनच देशभर निघाल्या. गंमत अशी, की कोविडच्या काळात देशाने वापरलेला साथरोग कायदा रँडच्याच वेळचा, १८९७चा होता. कायदा तोच आणि टाळेबंदीचा हुकूमही तितकाच कडक. फरक पडला तो मधल्या सव्वाशे वर्षांत लस बनवणारी, तपासणारी, टोचणारी माणसं घडली म्हणून. पूनावालांची धडाडी नाकारायचं कारण नाही. घोडे पाळणारे देशात इतरही होते. पण परळला ती प्रयोगशाळा आणि त्यात शिकलेली माणसं नसती, तर त्या धडाडीला हात कुठून मिळाले असते?

यावर लगेच सिंगापूर आणि दक्षिण कोरियाचं नाव पुढे येतं. ली क्वान यू आणि पार्क चुंग-ही या दोन कठोर नेत्यांनी गरीब देश एका पिढीत वर काढले. तिथे लोकशाहीची ऐश करत बसले असते तर काय झालं असतं, असा तो युक्तिवाद. कोरियाचं वेळापत्रक मात्र नीट पाहायला हवं. पार्क यांनी लष्करी उठावातून सत्ता घेतली १९६१ साली. तोवर, मधे कोरियन युद्ध होऊनही, तिथली बहुतेक सगळी मुलं प्राथमिक शाळेत जाऊ लागली होती. पार्क यांना कारखान्यात उभा करायला वाचता येणारा कामगार तयार मिळाला. आता त्याच दशकातला दुसरा कणखर नेता घ्या. मोबुटू यांनी १९६५मध्ये काँगोची सत्ता घेतली आणि ३२ वर्षं ती एकहाती चालवली. तांबं, कोबाल्ट, हिरे, सगळं त्या जमिनीत होतं. पण बेल्जियमने १९६०मध्ये देश सोडला, तेव्हा तिथे काँगोली पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. नेता जबर होता, त्याला अडवणारं आणि त्याच्या हुकुमातून काही उभं करणारं कुणी नव्हतं, आणि देश धुळीला मिळाला. सिंगापूरच्या लींबद्दल एवढंच म्हणता येईल, की ते आयुष्यभर शाळांच्या मागे लागले होते. त्यांच्या कारकिर्दीतून ते काम वजा केलं तर उरलेल्या शिस्तीला कुणी विचारलं नसतं.

याहून अवघड आक्षेप श्रीलंकेचा आहे. नव्वद टक्क्यांच्या वर साक्षरता, मोफत शिक्षणाची जुनी परंपरा, आणि तरीही २०२२मध्ये देशाच्या तिजोरीत पेट्रोल आणायला डॉलर उरले नाहीत. शिक्षणाने काय वाचवलं? हा प्रश्न रास्त आहे, आणि शिक्षण ही खात्रीची हमी नाही हे त्यातून मान्य करावंच लागतं. शिकलेला समाजही गर्दीच्या लाटेत भलत्याला निवडतो. पण घसरण कशी झाली, त्यातला एक ठळक निर्णय बघा. एप्रिल २०२१मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. शेतीशास्त्रज्ञ नको नको म्हणत होते. ज्ञान देशात होतं, कणखर नेत्याने ते ऐकलं नाही. भाताचं पीक बसलं आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी लोकांनी राष्ट्राध्यक्षाला पळवून लावलं आणि त्यानंतर निवडणुकीच्या वाटेनेच सरकार बदललं. मोबुटूच्या काँगोला ते ३२ वर्षं जमलं नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: शाळा तरी आभाळातून पडतात का? त्याही कुणीतरी नेत्यानेच काढाव्या लागतात. खरं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६पासून साऱ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात तेच केलं. दोघेही राजे होते, दोघांच्या शब्दाला धार होती. याउलट पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले विधेयक घेऊन गेले ते मध्यवर्ती विधिमंडळात, जिथे त्यांना बोलायचा अधिकार होता, हुकमाचा नव्हता. मार्च १९१२मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं; विरोधात सरकारी सभासदांबरोबर जमीनदारही होते. फुल्यांनी १८८२मध्ये मागितलेला हक्क जवळपास साऱ्या देशातल्या मुलांना कायद्याने मिळाला तो १ एप्रिल २०१०पासून. मधल्या १२८ वर्षांचा दोष नेतृत्वाच्या पदरी टाकावाच लागेल. म्हणजे नेतृत्वाला महत्त्व आहेच. ते कशासाठी खर्च झालं, हा प्रश्न आहे. सयाजीराव आणि शाहू आज आठवतात ते त्यांनी कुणाला वठणीवर आणलं म्हणून नव्हे.

हडपसरमध्येच या आक्षेपाचं अलीकडचं रूप दिसतं. मगरपट्टा सिटी उभी राहिली ती सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून. बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी त्यांनी कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन त्याप्रमाणात तिचे शेअर घेतले. सतीश मगर यांच्यासारखा पुढाकार घेणारा माणूस नसता, तर हे घडलं नसतं. बरीच कुटुंबं मगर भावकीतली, हेही विसरू नये. विश्वास तिथून आला. पण सातबाऱ्याच्या बदल्यात शेअरचा कागद हाती घ्यायचा, मग बांधकामाच्या पुरवठ्याची कामं घ्यायची, हे निव्वळ विश्वासावर तडीला जात नाही. नेत्याने सांगितलेला हिशेब घरातल्या कुणाला तरी पडताळता यावा लागतो. ज्या गावांत तो पडताळता आला नाही, तिथे जमिनी गेल्या, पैसा आला, गाड्या आल्या आणि दहा वर्षांत पुढची पिढी त्याच जमिनीवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहिली. पुण्याच्या भोवती हे चित्र शोधायला लांब जावं लागत नाही. नेत्याच्या मागे काय उरतं, तेही हडपसरमध्येच दिसतं. पिंपरी-चिंचवडच्या उभारणीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते अण्णासाहेब मगर हडपसरचे, आणि त्यांच्या गावात त्यांचं नाव महाविद्यालयाला आहे. रयत शिक्षण संस्थेचं साधना विद्यालयही याच गावात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये सुरू केलेली ती संस्था कर्मवीरांच्या पश्चात कित्येक पटींनी वाढली. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या किती पक्षांबद्दल असं म्हणता येईल?

मग आपल्याला शिक्षणापेक्षा खंबीर नेत्याची ओढ जास्त का वाटते? कारण त्याचं काम डोळ्यांना दिसतं. हडपसरचा उड्डाणपूल पाच वर्षांच्या मुदतीत बांधून त्यावर फलक लावता येतो. पहिलीतल्या पोराला नीट वाचायला शिकवलं, तर त्याचं फळ पंधरा वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा श्रेय घ्यायला दुसराच कुणी खुर्चीत असतो. दुसरं कारण अधिक बोचरं आहे. आपल्या शाळांनीच शिक्षणाचं नाव घालवलं आहे. पाचवीतल्या ग्रामीण मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा धड वाचता येत नाही, असं ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाच्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. पदवी घेऊन रिकामा बसलेला मुलगा शिक्षणाने देश घडतो यावर का विश्वास ठेवील? पण हा शाळा कमी आणि कच्च्या ठेवल्याचा परिणाम आहे, आणि तो निर्णय कुणी ना कुणी सत्तेत बसून घेतलेला असतो. महाराष्ट्राने २००० साली नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर ठेवण्याची पद्धत आणली. प्राथमिक शाळेत ते मानधन महिना ३ हजार होतं, नंतर ६ हजार झालं आणि तिथेच वर्षानुवर्षं अडकून राहिलं. २०२३मध्ये ते १६ हजार झालं. या काळात मुख्यमंत्री अनेक झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या समर्थकांनी त्यांना खंबीरच म्हटलं.