तेरेखोल : वाडीकरांचा किल्ला, सात वारांचे हॉटेल

गोव्याचा नकाशा बारकाईने पाहिला, तर उत्तर टोकाला एक विसंगती दिसते. तेरेखोल नदीच्या मुखाशी, तिच्या उत्तर तीरावर, जमिनीचा एक चिमुकला तुकडा गोव्यात मोडतो. पाठीशी सिंधुदुर्ग जिल्हा, समोर केरीची पुळण. मधले पात्र ओलांडायला फेरीबोट. हा तुकडा गोव्याकडे का राहिला, याचे उत्तर तेथील टेकडीवरच्या छोटेखानी किल्ल्यात दडले आहे.

हा किल्ला मूळचा पोर्तुगीजांचा नव्हे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी तो बांधला. नदीच्या तोंडावर नजर आणि वाडीकरांच्या गलबतांना आसरा, असा त्याचा दुहेरी उपयोग होता. पोर्तुगीजांना तो खुपणे स्वाभाविकच होते. नोव्हेंबर 1746 मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो जिंकून घेतला. त्याच वर्षी त्याने वाडीकरांचा हळर्णचा कोटही घेतला होता. पुढे त्याला मिळालेला ‘मार्केझ द आलोर्ना’ हा किताब त्याच गावाच्या नावाचा. 1764 मध्ये तेरेखोलची पुनर्बांधणी झाली. नदीपलीकडचा पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती कायमचा आला, तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे मुलखाआधी किल्ला आला. आजची विचित्र हद्द त्या लढाईचीच खूण होय.

किल्ल्याने पुढे पोर्तुगीजांविरुद्धचे बंडही पाहिले. बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोव्याचा कारभार हाती आलेले पहिले गोमंतकीय. 1835 मध्ये त्यांना अवघ्या काही दिवसांत पदच्युत करण्यात आले. त्यांची बाजू घेणाऱ्या तेरेखोलच्या शिबंदीची विरोधकांनी निर्घृण कत्तल केली.

15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील गोमंतकीय सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला. नंतर त्यांना अटक झाली. पुढल्या वर्षीच्या सत्याग्रहात हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हुतात्मा झाले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले.

गोव्याच्या पर्यटनाला बहर आल्यावर किल्ल्याचे हॉटेल झाले. अवघ्या सात खोल्या, आणि त्यांना नावे सात वारांची! कल्पना रंजक खरी; पण खेम सावंतांच्या किल्ल्यात एकाही खोलीला त्यांचे नाव असू नये, हे थोडे खटकतेच. डागडुजीला पैसा लागतो आणि तो पाहुण्यांकडून येतो, हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण. राजस्थानातील संस्थानिकांनी आपापले वाडे याच मार्गाने टिकवले. तेरेखोलचे प्रकरण मात्र निराळे. अंगणात सेंट अँथनीचे चर्च आहे, तेथे भाविकांचा हक्क. हुतात्म्यांची स्मृतिशिला आहे, तेथे साऱ्यांचाच. खोलीचे भाडे न भरणाऱ्या माणसाला या दोन्हींपर्यंत किती मोकळेपणाने जाता येते, यावर किल्ला कोणाचा हे ठरते.