जनरेटर चालू, पण अर्थिंग कुठे?

कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती क्षमता १,९६० मेगावॉट. ज्या पाटण तालुक्यात कोयना धरण आहे, त्याच तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तरीही त्या पठारावर मुक्कामाला थांबलेल्या फिरत्या घराला, म्हणजे कॅरव्हॅनला, वीज मिळणार ती सोबत आणलेल्या छोट्या जनरेटरचीच! राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून हा विषय केवळ परदेशातला राहिलेला नाही.

अशा वेळी हमखास आढळणारी तक्रार म्हणजे, टेस्टर लावला की सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत दिवा मिणमिणतो. फेज कोणता आणि न्यूट्रल कोणता, हेच कळेनासे होते. मग कोणीतरी सुचवतो, ‘जमिनीत एक सळई ठोका, अर्थिंग होईल.’ हा सल्ला अर्धवट आहे.

घरच्या विजेत न्यूट्रल हा रोहित्रापाशी जमिनीला जोडलेला असतो. त्यामुळे इस्त्रीच्या पत्र्यात फेज उतरला, तर प्रवाहाला परतीची वाट मिळते आणि संरक्षक स्विच पडतो. अनेक लहान जनरेटरमध्ये मात्र न्यूट्रल सांगाड्याला जोडलेलाच नसतो. तो ‘तरंगता’ ठेवलेला असतो. यात निर्मात्याची चूक नाही. एखादेच उपकरण चालवायचे असेल, तर पहिल्या बिघाडात धक्का बसण्याचा धोका यामुळे उलट कमी होतो. परंतु कॅरव्हॅनमध्ये फ्रीज, चार्जर, पंखा, शेगडी अशी अनेक उपकरणे एकत्र असतात. पहिला बिघाड मुकाट्याने राहतो आणि दुसऱ्या उपकरणात दुसऱ्या तारेचा बिघाड झाला की तो जिवावर बेततो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असूनही पहिल्या बिघाडात पडत नाही, कारण गळणाऱ्या प्रवाहाला परतीची वाटच नसते. गंमत म्हणजे त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबले की तो व्यवस्थित पडतो! ते बटण आतल्या आत फेज व न्यूट्रल यांमधून चाचणी घेते; अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

तपासणी जनरेटर बंद ठेवून आणि गाडीचा प्लग काढून सुरू करावी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सॉकेटची अर्थ पिन व जनरेटरचा सांगाडा यांत जोड आहे ना, ते पाहावे. नंतर न्यूट्रल व सांगाडा यांतील रोध मोजावा. तो जवळपास शून्य असेल तर न्यूट्रल जोडलेला आहे, अनंत असेल तर तरंगता. जनरेटर चालू केल्यावर फेज-न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट आणि दोन्हींपासून अर्थपर्यंत सुमारे ११५-११५ दिसले, तर तेच निदान पक्के होते. आतल्या फिल्टरमुळे हा आकडा दिसतो.

गाडीच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील, तर जनरेटर आधी बंद करावा आणि एक्स्टेन्शनची तिसरी तार पाहावी. लग्नमांडवात वापरली जाणारी दोन तारांची केबल येथे कामाची नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिच्या सांगाड्याला जनरेटरशी जोडणारी वाट ती तिसरी तारच असते.

उपाय एकच: परवानाधारक वायरमनकडून, निर्मात्याची पुस्तिका पाहून, न्यूट्रल व अर्थ यांचा जोड जनरेटरच्या बाजूस, आरसीसीबीच्या आधी, एकाच ठिकाणी करून घेणे. गाडीतही दुसरा जोड असेल, तर न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहू लागतो आणि आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. हाच जोड ठेवून गाडी घराच्या सॉकेटला लावली तरी तीच गत. म्हणून जोड गाडीत न ठेवता जनरेटरकडेच ठेवणे शहाणपणाचे.

आणि ती सळई? या पठारांवर जांभा दगड आहे, माती पातळ. उन्हाळ्यात तेथे सळईचा रोध सहज मोठा येतो. तो पन्नास ओहम धरला, तरी २३० व्होल्टला प्रवाह जेमतेम ४.६ अँपिअर, सोळा अँपिअरचा एमसीबी त्याने हलणारही नाही. आरसीसीबी मात्र पडेल, पण न्यूट्रल जोडलेला असेल तरच. सळई ठोकायला हरकत नाही, फक्त तिच्यावर विसंबू नये. जनरेटरचा प्लग घराच्या सॉकेटमध्ये उलटा खोचून घर उजळवण्याचा प्रकार तर कधीच करू नये. खांबावर काम करणाऱ्या वायरमनसाठी ती तार बंद असते, असा त्याचा समज असतो.