घरात आलेला बोका आणि त्याचा वास



वेचणी झाली की कोरपना तालुक्यात घराघरांत कापूस भरला जातो. भाव येईपर्यंत माजघर कापसाचे आणि पडवी सोयाबीनच्या पोत्यांची. त्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे एखादा बेवारस बोका. दूध-भाकर मिळाली की तो घरचाच होतो. पण थोड्याच दिवसांत दाराची चौकट, पोती, कापसाचा ढीग, सगळीकडून उग्र वास सुटतो. मग "नेऊन सोडा त्याले जंगलात" असा निकाल लागतो.

निकालाआधी कारण समजून घ्या. बोका शेपूट उभी करून उभ्या जागी लघवीचा फवारा मारतो. ही त्याची हद्दनिशाणी. आपण धुऱ्यावर दगड रोवतो, तसेच हे. त्याच्या लघवीत फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. ते फुटले की तो वास येतो. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोक्यात ते मांजरीपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून नुसते धुऊन भागत नाही.

खरा उपाय खच्चीकरण

बोका पाच-सहा महिन्यांत वयात येतो. त्याच सुमारास खच्ची केला तर फवाऱ्याची सवय बहुधा लागतच नाही. मोठा बोका खच्ची केला तरी दहापैकी सुमारे नऊ बोके ही सवय सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. मात्र काही आठवडे धीर धरावा लागतो. गोऱ्ह्याला चिमटा लावतात तसे हे काम नव्हे. भूल देऊन पशुवैद्यकानेच करायचे असते. घरी ब्लेडने खटपट मुळीच नको. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर १९५८ पासूनचे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच फेरीत रेबीजची लसही टोचून घ्या.

डाग कसा काढावा

ओला डाग फडक्याने टिपा. साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसा आणि उन्हात वाळवा. भिजलेला कापूस ढिगातून वेगळा काढा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा. फिनाईल टाळा. मांजर पाय चाटते आणि फिनॉल तिच्या यकृताला पचत नाही.

हे विसरू नका

गोचीड-पिसवांसाठी कपाशीवरचे औषध बोक्याला लावू नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे मांजराला झटके आणतात, जीवही घेतात. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही त्याला विषच.

सगळाच वास लघवीचा नसतो. भांडणातली जखम पिकली, दात किडले, कान वाहू लागले तरी दुर्गंधी येते. बोका वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी थेंबथेंब किंवा अजिबात होत नसेल, तर मार्ग अडला समजा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर एक-दोन दिवसांत बोका जातो.

राहिला प्रश्न जंगलात सोडण्याचा. माणिकगडच्या डोंगरात सोडलेला बोका बिबट्याच्या तोंडी जाईल, नाहीतर घरचे रोग रानमांजरांना देईल. आणि तुमच्या पोत्यांना उंदीर मोकळे! दवाखान्याची एक फेरी त्यापेक्षा स्वस्त. या हंगामात ती जरूर करा.