चार असले तर जबरी चोरी, पाच झाले की दरोडा

‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद, दोर, मिरचीपूड, कोयता जप्त’ अशा धाटणीच्या बातम्या अकोला-अमरावतीकरांना नव्या नाहीत. बोलण्यात आपण कुठल्याही मोठ्या चोरीला दरोडा म्हणतो. कायदा मात्र डोकी मोजतो.

समजा, बडनेरा ते मूर्तिजापूर रस्त्यावर रात्री कापसाचा ट्रक अडवून चौघांनी चाकूच्या धाकाने पैसे हिसकावले, तर ती जबरी चोरी. टोळीत पाचवा असला की तोच गुन्हा दरोडा ठरतो, मग तो नुसता पाळतीवर उभा का असेना. लुटीचा प्रयत्न फसला तरी दरोडाच. रात्री बंद घराचं कुलूप तोडून दागिने नेले आणि कोणाला मारलं-धमकावलं नाही, तर ती घरफोडी.

इंग्रजीतला ‘डकॉइटी’ हा शब्द आपल्याच ‘डकैती’वरून गेला. इंग्लंडच्या कायद्यात असा वेगळा गुन्हा नव्हता. इथल्या टोळ्या पाहून कंपनी सरकारने तो उचलला आणि पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो कलम ३९१ म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१० मध्ये आहे. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्यात खून झाल्यास फाशीही होऊ शकते. नुसत्या तयारीलाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणूनच जप्तीच्या यादीत मिरचीपुडीचीही नोंद होते.