परा-आभासीकरण
परा-आभासीकरण : एकाच संगणकावर अनेक परिचालन प्रणाली एकाच वेळी चालविण्यासाठी त्या प्रणालींतच अनुरूप बदल करण्याची पद्धत. पूर्ण आभासीकरणात ‘पाहुण्या’ प्रणालीची प्रत्येक विशेषाधिकारी आज्ञा अडवून हायपरव्हायझर या पर्यवेक्षक आज्ञावलीला तिचे अनुकरण करावे लागते. जुन्या एक्स८६ प्रक्रियकांतील काही संवेदनशील आज्ञा मात्र अशा अडविताच येत नसत. परा-आभासीकरणात त्यांच्या जागी पर्यवेक्षकाला थेट विनंती करणारे ‘हायपरकॉल’ घालतात. त्यामुळे वेळ वाचतो. परंतु प्रणालीचा गाभा बदलता येत नसल्यास ही पद्धत वापरता येत नाही.

ही संज्ञा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेनाली प्रकल्पातून (२००२) पुढे आली व केंब्रिज विद्यापीठातील झेन पर्यवेक्षकामुळे (२००३) रूढ झाली. २००५-०६ पासून प्रक्रियकांतच आभासीकरणाची सोय आल्याने गाभा बदलण्याची निकड कमी झाली. आदान-प्रदान साधनांसाठी मात्र ‘व्हर्टआयओ’ हे परा-आभासी मानक वापरात आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचा प्रमुख उद्योग असलेल्या मोटारनिर्मितीतही हे तंत्र उपयुक्त आहे. आधुनिक मोटारीत वेगदर्शक फलक व करमणूक व्यवस्था एकाच प्रक्रियकावर चालविता येतात. करमणूक व्यवस्था बंद पडली, तरी वेगदर्शक चालू राहणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. ही विभागणी पर्यवेक्षक राखतो, तर पडदा, ध्वनी इ. सामाईक साधने परा-आभासी चालक आज्ञावलींद्वारे वाटून घेतली जातात.