ई-कचरा पुनर्चक्रण शुल्क

ई-कचरा पुनर्चक्रण शुल्क म्हणजे निकामी झालेले संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच आदी विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे गोळा करणे, सुटी करणे, त्यांतील धातू परत मिळवणे आणि विषारी भागांची सुरक्षित विल्हेवाट लावणे यांसाठी आकारली जाणारी रक्कम. हा खर्च ग्राहकाने सोसावा, उत्पादकाने की शासनाने, याविषयी निरनिराळ्या देशांत निरनिराळी व्यवस्था आहे. भारतात ही जबाबदारी कायद्याने उत्पादकावर टाकली आहे.

खर्चाचे कारण

जुन्या संगणकात तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड आणि अल्प प्रमाणात सोने-चांदी असते. त्यामुळे त्याला भंगार म्हणून किंमत येते. मात्र काचनळीच्या जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते, सपाट पडद्यांच्या काही दिव्यांत पारा असतो आणि प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक द्रव्ये असतात. या भागांना बाजारात भाव नाही, उलट त्यांच्या विल्हेवाटीला पैसे लागतात.

अनौपचारिक व्यवसायात मौल्यवान भाग काढून घेऊन उरलेला भाग उघड्यावर टाकला किंवा जाळला जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या असता डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत मिसळतात. सोन्यासाठी सर्किट फलक आम्लात बुडवले जातात आणि ते आम्ल पुढे नाल्यात व जमिनीत मुरते. अशा व्यवसायाला धूर, सांडपाणी वा कामगारांचे आरोग्य यांवर खर्च करावा लागत नाही, म्हणून तो ग्राहकाला अधिक भाव देऊ शकतो. अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याची खरी अडचण हीच आहे.

शुल्काच्या पद्धती

* आगाऊ शुल्क : वस्तू विकत घेतानाच ग्राहक शुल्क भरतो. स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत रूढ आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००५ पासून पडद्याच्या आकारानुसार ६ ते १० डॉलर शुल्क लागू केले. पुढे त्याचे दर वेळोवेळी बदलले.
* टाकतानाचे शुल्क : जपानमध्ये २००१ पासून दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र व वातानुकूलक टाकून देताना मालक शुल्क भरतो. घरगुती संगणकांबाबत मात्र ऑक्टोबर २००३ नंतर विकलेल्या संगणकाच्या किमतीतच ते धरलेले असते. टाकताना पैसे मागितले की वस्तू गुपचूप कोठेतरी फेकून देण्याचा मोह होतो, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे.
* ठेव परतावा : विक्रीच्या वेळी घेतलेली ठेव वस्तू परत केल्यावर ग्राहकास मिळते. भारताच्या २०१६ च्या नियमांत ही योजना ऐच्छिक स्वरूपात होती.
* उत्पादकाची विस्तारित जबाबदारी : वस्तूच्या आयुष्याच्या अखेरीचा खर्च उत्पादक उचलतो. युरोपीय संघाने व भारताने हे तत्त्व स्वीकारले आहे.

भारतातील नियम

ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम भारतात प्रथम २०११ मध्ये झाले व १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांची जागा २०१६ च्या आणि पुढे २०२२ च्या नियमांनी घेतली. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात असून त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणे आहेत. २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी उत्पादकांवर ६० टक्के पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट होते. ते पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड परत मिळवून प्रमाणपत्रे निर्माण करतो आणि उत्पादक ती विकत घेतो. या किमतीच्या रूपाने शुल्क प्रत्यक्ष वसूल होते.

स्वस्त प्रमाणपत्रांमुळे केवळ कागदोपत्री पुनर्चक्रण वाढेल, अशी भीती व्यक्त झाल्यावर २०२४ मध्ये या किमतीला किमान मर्यादा घालण्यात आली. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ती प्रतिकिलो २२ रुपये आहे. हा दर फार असल्याचे सांगून काही कंपन्यांनी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली.

महाराष्ट्र

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन ई-कचरा निर्माण होत होता आणि राज्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. सर्वाधिक ई-कचऱ्याच्या दहा शहरांत मुंबई, पुणे व नागपूर या तिन्ही शहरांचा समावेश होता. राज्यात नियमांच्या अंमलबजावणीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देखरेख ठेवते.

तालुक्याच्या ठिकाणची स्थिती

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या लहान तालुक्याच्या गावी प्रश्नाचे स्वरूप वेगळे असते. शाळा, तहसील, पतसंस्था व संगणक प्रशिक्षण केंद्रे यांतील बंद पडलेले संच थोडे असले तरी विखुरलेले असतात. मोठ्या शहरातील प्रकल्पापर्यंत ते नेण्याचा वाहतूक खर्च त्यांच्या भंगार किमतीहून जास्त होऊ शकतो. शासकीय शाळा-कार्यालयांत वस्तू जडवस्तू नोंदवहीत नोंदलेली असते. निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत ती खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात राहते. घरगुती वस्तू बहुधा फेरीवाल्या भंगारवाल्याकडे जाते, कारण तो दाराशी येतो आणि रोख पैसे देतो.

यावर सोयीचा उपाय म्हणजे अनेक संस्थांनी आपला ई-कचरा एकत्र साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यास एकाच खेपेत देणे. त्यामुळे प्रत्येक संस्थेच्या वाट्याला येणारा वाहतूक खर्च घटतो. संगणक देण्यापूर्वी त्यातील माहिती कायमची पुसणे आणि सुपूर्द केल्याची पावती घेणे आवश्यक आहे. चालू स्थितीतील संच दुरुस्त करून वापरात ठेवणे हा पुनर्चक्रणाहून कमी खर्चाचा मार्ग आहे.

जागतिक संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला; त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा करून पुनर्चक्रित केल्याची नोंद आहे. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बाझल करार १९८९ मध्ये झाला. भारत १९९२ पासून त्याचा सदस्य आहे.